गाडीपुढची मोकळी जागा

माघ वद्य अष्टमी. पहाटे दाट धुके, वारा अजिबात नाही. दीड प्रहर दिवस वर आल्यावर धुके फाटले आणि पुढे दिवसभर आभाळ निरभ्र.

ही गोष्ट फार पूर्वीची आहे. साल कोणाला आठवत नाही, पण तिथी आणि हवा सांगणाऱ्यांनी जपून ठेवली आहे.

त्या काळी घाटमाथ्यावरच्या एका गावात एक गाडीवान राहत होता. त्याच्याकडे एक गाडी होती आणि कोशा व खैऱ्या नावाचे दोन बैल होते. घाटाखाली कोकण, घाटावर देश. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची. वरून गूळ, कांदे, ज्वारी खाली यायची. रस्ता जेमतेम दोन गाड्यांच्या रुंदीचा. एका अंगाला कातळाची उभी भिंत, दुसऱ्या अंगाला दरी, आणि दरी एवढी खोल, की घारी फिरताना त्यांच्या पाठी दिसायच्या. चढणाऱ्याने भिंतीच्या अंगाने चढायचे, उतरणाऱ्याने दरीच्या अंगाने उतरायचे, अशी रीत होती. रीत सगळ्यांना ठाऊक होती. घाई नसेल तेव्हा सगळे ती पाळतही.

या गाडीवानाला एक सवय होती. चढणीवर तो पुढच्या गाडीला आपली गाडी कधी भिडवत नसे. मध्ये एका गाडीची जागा मोकळी सोडूनच तो चाले. त्याच्या बापाने त्याच्या हाती कासरा देताना एवढेच सांगितले होते: "एका गाडीची जागा सोडत जा. तुझ्यासाठी नाही. पुढच्याचा बैल गुडघ्यावर आला, तर त्याला मागे यायला जागा लागेल."

आता घाटात मोकळी जागा दिसली, की तिच्यात कोणीतरी शिरणारच. मागची गाडी बाजूने काढून लोक त्याच्यापुढे घुसत. गाडीवान कासरा ओढी, बैल सावकाश होत, आणि नव्या गाडीमागे पुन्हा तेवढीच जागा तयार होई. मग तिच्यातही कोणी घुसे. या पायी त्याची चेष्टा फार व्हायची. कोणी विचारी, पुढे सासरेबुवा बसायचेत का? कोणी म्हणे, त्या तुकड्यात नाचणी पेरणार असशील तर बियाणं आम्ही देऊ. गाडीवान हसून सोडून देई. तो सगळ्यांच्या मागून पोचे, पण पोचे.

त्या अष्टमीला मात्र त्याला मागून पोचून चालणार नव्हते.

त्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या संध्याकाळपासून तिला कळा येत होत्या. गावातल्या जाणत्या बायकांनी पोटावर हात ठेवून पाहिले आणि एकमेकींकडे बघितले. मूल आडवे होते. आडवे मूल फिरवणारी सुईण त्या मुलखात एकच, आणि ती राहायची घाटाखाली. गाडीवान पहाटेच धुक्यात रिकामी गाडी घेऊन उतरला. निघताना त्याच्या बायकोने सांगितले, की परसात चुलवणावर पाणी तापत ठेवते. आभाळ उघडले, की घाटातून आपल्या घरामागचा धूर दिसतो. धूर दिसला, की समज, पोर अजून वाट बघतेय.

सुईण म्हातारी होती, अंगाने भरलेली, एका गुडघ्याने अधू आणि तोंडाने फटकळ. दोघा-तिघांनी हात दिला तेव्हा ती गाडीत बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "बैल बरे दिसतात. हाकणारा कसा आहे ते आता बघू."

त्या दिवशी घाटमाथ्यावर आठवड्याचा बाजार होता, म्हणून चढणारे घाईत होते. खाली बंदराला गलबत लागले होते आणि भरतीला सुटणार होते, म्हणून उतरणारे घाईत होते. त्यात धुक्याने सगळे झाकले होते. पुढच्या गाडीची घुंगरे ऐकू यायची, गाडी दिसायची नाही.

गाडीवानाने नेहमीप्रमाणे एका गाडीची जागा सोडली. लगेच एक नारळवाला तिच्यात शिरला. गाडीवान मागे राहिला, जागा झाली; एक कुंभार मडकी घेऊन तिच्यात शिरला. सुईणीने थोडा वेळ पाहिले. मग तिने विचारले, की ही जत्रा आपल्याला ओलांडूनच पुढे जायची आहे का? गाडीवानाने बापाचे म्हणणे सांगितले. ती म्हणाली, "तुझा बाप शहाणा असेल. त्याची लेक अडली नव्हती."

गाडीवानाचा हात कासऱ्यावर दोनदा सैल पडला, आणि दोनदा त्याने तो आवळला.

त्याच्या मागे एक मीठवाला होता. त्याची गाडी खच्चून भरलेली होती आणि तो सकाळपासून गाडीवानाच्या नावाने बोटे मोडत होता. शेवटी मागचे काही जण कंटाळले. त्यांनी रांग सोडली आणि दरीच्या अंगाने, म्हणजे उतरणाऱ्यांच्या वाटेने, गाड्या पुढे काढल्या. सगळ्यांत पुढे एक मासळीवाला होता. गाडीवानाच्या बरोबरीला आल्यावर तो म्हणाला, "काका, झोप झाली की या वर. बाजार उठला तरी आम्ही थांबू."

वरती, धुक्याच्या पलीकडे, उतरणाऱ्यांनीही तेच केले होते. गलबत सुटेल या भीतीने एका गूळवाल्याने आपली रांग सोडून गाडी भिंतीच्या अंगाने घातली होती. त्याला बघून आणखी काही जणांनी घातल्या.

मग डोंगर थांबला.

मासळीवाल्याच्या बैलांच्या तोंडासमोर उतरणाऱ्या ज्वारीच्या गाडीचे बैल आले. वर गूळवाल्यासमोर चढणारे आले. प्रत्येकाने समोरच्याला सांगितले, तू मागे घे. प्रत्येकाच्या मागे दुसरी गाडी भिडलेली होती, तिच्या मागे तिसरी. चाकात चाके घासली, शिंगांना शिंगे लागली. शिव्या झाल्या, चाबूक उगारून झाले, एकमेकांच्या गावांची नावे काढून झाली. हळूहळू घसे बसले. बैल उभ्या जागी धापा टाकत राहिले. गाड्या मागे घरंगळू नयेत म्हणून चढणाऱ्यांनी चाकांखाली उटीचे दगड लावले आणि माणसे खाली बसली.

धुके फाटले ते याच वेळी. पडदा बाजूला व्हावा तसे ते दरीत उतरले आणि घाट उघडा पडला. वळणावर वळण, त्यावर आणखी वळण, आणि प्रत्येक वळणावर दोन्ही अंगांनी गाड्याच गाड्या. बैलांच्या पाठी, पोत्यांचे ढीग, मुंडाशी. वरच्या वळणांवर कुठे एक वीत रस्ता दिसत नव्हता. एवढे सगळे आपण अडवून धरले आहे, हे तोवर कोणाला दिसलेच नव्हते.

आणि डोंगराच्या माथ्यावर, निळ्या आभाळात, धुराची एक बारीक रेघ सरळ वर जात होती.

"पाणी तापतंय," सुईण म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "पोर वाट बघतेय."

गाडीवानाने तिला पाठीवर घेऊन चालत जायचे बोलून दाखवले. तिने पुढची चढण पाहिली, स्वतःकडे पाहिले आणि म्हणाली, "मला पाठीवर घेशील तर लेकीआधी तुलाच बाळंत करावं लागेल." पण कोणीच हसले नाही, कारण दोघांनाही ते खरे वाटत होते. गाड्यांमधून एकट्या माणसालाही नीट जाता येत नव्हते.

तेवढ्यात दगड घरंगळल्याचा आवाज झाला. मासळीवाल्याच्या गाडीचे बाहेरचे चाक दरीच्या कडेवर होते आणि कड ठिसूळ होती. चाकाखालची माती सुटत होती. त्याच्यापुढे ज्वारीची गाडी, मागे दुसरी गाडी, एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला आपला गाडीवान. मासळीवाला बैलांच्या गळ्यात हात घालून उभा होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो आता थट्टा करत नव्हता.

सबंध डोंगरात मोकळी अशी एकच जागा होती. ती गाडीवानाच्या पुढे होती.

सुईणीनेही ती पाहिली. ती हळूच म्हणाली, "पुढे घे बाबा. एक गाडी तर एक गाडी. तेवढीच लेकीजवळ."

गाडीवानाने धुराकडे पाहिले. मग मासळीवाल्याकडे वळून तो म्हणाला, "ये आत. बैल डावीकडे दाब. सावकाश ये."

मासळीवाल्याने बैल तिरके घेतले आणि गाडी त्या जागेत ओढून घेतली. तिचे मागचे चाक कडेवरून आत आले आणि सुटलेले दगड खाली गेले. ते तळाला पोचल्याचा आवाज कोणाला ऐकू आला नाही.

सुईणीने पदर तोंडावर ओढून घेतला. गाडीवानाच्या पुढची जागा गेली होती. आता डोंगरात एकही जागा नव्हती, असे त्याला वाटले.

पण जागा होती. मासळीवाला जिथून हलला तिथे ती होती. ज्वारीवाला त्या जागेत उतरला, कारण त्याला उतरायचेच होते. मग ज्वारीवाल्याची जागा मोकळी झाली आणि त्याच्या मागचा कांदेवाला तिच्यात उतरला. मग त्याची जागा. एकेक गाडी एकेक गाडीभर खाली सरकत होती, आणि मोकळी जागा दरीच्या अंगाने वर वर चालली होती. माणसे उठून उभी राहिली. कोणी चाकावर चढले, कोणी पोत्यांवर. घंटांचा आवाज एका वळणावर व्हायचा आणि थांबायचा, मग त्याच्या वरच्या वळणावर व्हायचा. रिकामी जागा घाट चढताना डोळ्यांना दिसत होती.

ती गूळवाल्याजवळ पोचली. शेजारी मोकळे दिसताच गूळवाला सकाळपासून करत होता तेच त्याने केले: गाडी घुसवली. पण या वेळी तो घुसला ते आपल्याच रांगेत. तो भिंतीच्या अंगावरून हटला आणि त्याने अडवलेला चढणारा एक गाडी वर सरकला. त्याच्या मागचा सरकला. आता मोकळी जागा भिंतीच्या अंगाने खाली येऊ लागली. वळण, मग वळण, मग वळण. नारळवाला, कुंभार, मग मासळीवाला एक गाडी पुढे गेला.

आणि ती जागा परत गाडीवानाच्या पुढे येऊन उभी राहिली.

कोशाने शेपटी हलवली. सुईणीने पदर खाली घेतला होता. ती त्या चार पावलांच्या मातीकडे देवळात बघावे तशी बघत होती. मग ती भानावर आली. "आता तरी चल," ती म्हणाली. "ही तुझी आहे. तुला परत दिलीय."

गाडीवान पुढे गेला नाही. तो खाली उतरला, उटीचे दगड नीट दाबले आणि चालत मागच्या मीठवाल्याकडे गेला. मीठवाल्याच्या शेजारी, दरीच्या अंगाला, रांग मोडलेली दुसरी गाडी अडकून उभी होती. तिच्या मागे आणखी होत्या.

मीठवाल्याने त्याला येताना पाहिले आणि विचारले, की पुढे रान मोकळे पडले असताना इकडे कुठे?

"मी एक गाडी पुढे सरकलो, की तुझ्यापुढे जागा होईल," गाडीवान म्हणाला. "ती तू घेऊ नकोस. शेजारच्याला दे."

"ह्याला?" मीठवाला म्हणाला. "हा सकाळी माझ्या बैलाला चाक घासून गेला."

शेजारच्या गाडीवाल्याने मान खाली घातली.

"घासून गेला खरा," गाडीवान म्हणाला. "पण तो इथून हटला नाही, तर उतरणारे उतरायचे नाहीत. उतरणारे उतरले नाहीत, तर आपण चढायचे नाही. तू त्याला जागा दे. तुझ्यापुढे ती परत येईल. माझ्यापुढे आली, तू बघितलीस."

मीठवाल्याने बघितले होते. सगळ्यांनी बघितले होते. तरी तो म्हणाला, "आणि नाही आली तर?"

"तर तू आहेस तिथेच राहशील. मीही राहीन. माझी लेक वर अडलीय."

मीठवाल्याने वर पाहिले. धूर अजून होता, पण सकाळपेक्षा बारीक. त्याने डोक्याचे मुंडासे सोडले, घाम पुसला आणि पुन्हा बांधले. मग तो उतरून आपल्या बैलांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात त्यांच्या कपाळांवर ठेवले. "जा," तो गाडीवानाला म्हणाला. "मी धरलेत."

गाडीवान एक गाडी पुढे सरकला. मागे जागा झाली. मीठवाल्याचे बैल पुढे येऊ बघत होते. मागून कोणीतरी ओरडले, की घाल की आत, बघतोस काय. मीठवाला हलला नाही. शेजारची गाडी तिरकी होऊन त्याच्यापुढे आली.

पुन्हा ज्वारीवाला उतरला, कांदेवाला उतरला, पुन्हा घंटा वर वर गेल्या. वर रांग मोडलेला आणखी एक जण आपल्या रांगेत परतला. पुन्हा जागा वळणे घेत खाली आली. मीठवाला डोळे मोठे करून तिची वाट बघत होता. ती त्याच्यापुढे येऊन थांबली, तेव्हा हा धिप्पाड माणूस एकदम खाली बसला आणि त्याने तिथल्या मातीला हात लावला. मग तो उठला आणि आपल्या मागच्याला समजावून सांगायला गेला.

मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितले. रांगेतली एक, बाहेरची एक. रांगेतली एक, बाहेरची एक. आता सांगावेही लागत नव्हते. लोक आपापल्या बैलांच्या तोंडासमोर उभे राहून जागा धरत होते. ज्यांनी सकाळी एकमेकांच्या आयांचा उद्धार केला होता, तेच हाताने खुणा करत होते: ये, अजून ये, बस, आता थांब. एवढ्या माणसांचा आवाज असा नव्हताच. घंटा, चाकांची करकर आणि बैलांचे श्वास. एक रिकामी जागा दरीच्या अंगाने चढत होती आणि भिंतीच्या अंगाने उतरत होती, आणि तिच्यामागे डोंगर एकेक गाडी करून सुटत होता. खाली दरीत घारी फिरत होत्या. सुईण गाडीची कड घट्ट धरून मागे वळून बघत होती.

रांग मोडलेली शेवटची गाडी आत आली, तेव्हा भिंतीच्या अंगाने फक्त चढणारे उरले आणि दरीच्या अंगाने फक्त उतरणारे. मग कोणी कोणाला थांबवायची गरज राहिली नाही. घाट वाहू लागला.

गाडीवान शेवटच्या वळणावर आला. त्याच्यापुढे मासळीवाला होता आणि दोघांच्या मध्ये एका गाडीची जागा होती. वर सपाटी लागताच मासळीवाल्याने आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही पुढे व्हा."

ऊन कलले होते. परसातला धूर आता जेमतेम दिसत होता, कारण सरपण संपत आले होते. गाडीवानाच्या बायकोने आणि शेजारणींनी सुईणीला उचलूनच आत नेले. दार लागले. गाडीवानाने बैल सोडले, त्यांना पाणी दाखवले आणि दाराकडे पाठ करून अंगणात बसला.

दिवेलागणीच्या आधी सुईणीने मूल फिरवले. दिवे लागले तेव्हा मुलगी झाली. आई आणि मुलगी दोघी वाचल्या.

घाटातल्या सगळ्या गाड्या अंधार पडायच्या आत चढल्या किंवा उतरल्या. एका गाडीचे चाक मोडले, एका बैलाचे शिंग खरवडले, कुंभाराची काही मडकी फुटली. माणूस कोणी गेले नाही. गूळवाल्याला गलबत मिळाले.

दुसऱ्या दिवशी गाडीवान सुईणीला घाटाखाली सोडायला निघाला. उतारावर एक लमाण आपली गाडी पुढच्या गाडीला भिडवून चालला होता. सुईणीने त्याला हाक मारून विचारले, की तुझ्या पुढच्याने मागे कुठे यायचे? त्याने तिला ओळखले नाही, पण जागा सोडली.

तात्पर्य: पुढच्या गाडीमागे एका गाडीची जागा सोडावी. कोणी ती घेतली, तर पुन्हा सोडावी.